गेटवे बघून झालं, आता भाऊचा धक्का कोण दाखवणार?

आमच्या घरातलं कोणीही गेटवे ऑफ इंडियाला उतरून मुंबईत आलेलं नाही. आजोबा आले ते भाऊच्या धक्क्याला. राजापूर तालुक्यातल्या मुसाकाजी बंदरात बोट लागायची, म्हणजे ती खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावात बसून बोटीपर्यंत जायची, मग रात्रभर समुद्र आणि नंतर मुंबई. डोक्यावर पत्र्याची ट्रंक आणि खिशात गाववाल्याच्या खोलीचा पत्ता, बाकी काही नाही. हे सगळं आजी सांगायची, इतक्या वेळा सांगायची की मला तो धक्का बघितल्यासारखाच वाटायचा, पण खरंतर मी भाऊचा धक्का नीट बघितला तो वयाची पस्तिशी उलटल्यावर, तोही मांडव्याला गाड्याही नेणाऱ्या रोरो बोटीने जायचं होतं म्हणून. जन्म परळचा, आणि घरापासून धक्का किती लांब, काहीच नाही. तिथे उभं राहिल्यावर पहिल्यांदा डोक्यात आलं की अरे, आपल्या घराण्याचा मुंबईतला इतिहास इथून सुरू होतो आणि मला इथे आजपर्यंत कोणी आणलं नाही, शाळेनेही नाही आणि घरच्यांनीही नाही.

हे आता लिहायचं कारण वेगळं आहे. मे महिन्यात गावाहून चुलतभाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुलं आली होती. मला सुट्टी नव्हती म्हणून त्यांना एका ट्रॅव्हल्सच्या मुंबई दर्शनच्या बसमध्ये बसवून दिलं. रात्री सगळी दमून परत आली. काय काय बघितलं विचारलं तर गेटवे, म्युझियम बाहेरून, मरीन ड्राइव्ह खिडकीतून, हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट, महालक्ष्मी, मग वांद्र्याला हिरो लोकांचे बंगले आणि शेवटी जुहू चौपाटी. मुलं खूश होती, खोटं कशाला बोलू. पण मोठा पुतण्या आठवीतला आहे, जरा विचार करणारा आहे, तो जेवताना म्हणाला, "काका, पणजोबा काम करायचे ती गिरणी नाय दाखवली." आणि वहिनी म्हणाली की गाईड सगळ्या बंगल्यांच्या किमती सांगत होता, इतके कोटी नि तितके कोटी, पण हे गाव वसलं कसं हे काही त्याने सांगितलं नाही. गाव म्हणाली ती मुंबईला. मला ते फार आवडलं.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये. माझं म्हणणं असं आहे की मुंबई ऐतिहासिक शहर म्हणून आपण दाखवतो ते बाहेरदेशचा पाहुणा डोळ्यासमोर ठेवून, आणि जो घरचा पाहुणा आहे, लाल डब्यातून किंवा एक्स्प्रेसच्या जनरल डब्यातून येणारा, पोरांना खांद्यावर घेऊन फिरणारा, त्याला उंच टॉवर आणि समुद्र दाखवून परत पाठवतो. त्याला इतिहास नकोच आहे असं आपण परस्पर ठरवून टाकलंय. आणि गंमत नाही, दुःखाची गोष्ट ही आहे की या शहराच्या इतिहासाशी सगळ्यात जवळचं नातं त्याचंच आहे. कोणाचा आजा गिरणीत होता, कोणाचा गोदीत हमाल, कोणाच्या शेतातला कापूस इथे विकला गेला, कोणाच्या गावचा माणूस हुतात्मा चौकात गोळी खाऊन पडला. तर दर्शनाची सुरुवात तिथून करा ना. मराठीत करा, स्वस्तात करा, आणि ज्याला दाखवताय त्याच्या घरापासून सुरू करा.

यावर लगेच काही लोकांना वाटेल की हा इंग्रजांच्या इमारतींच्या विरोधात बोलतोय. अजिबात नाही. मला फोर्ट जीव लावून आवडतं. पावसाळ्यात संध्याकाळी ओव्हल मैदानाच्या कडेने चालत गेलं की एका बाजूला हायकोर्ट, युनिव्हर्सिटी, राजाबाई टॉवर आणि दुसऱ्या बाजूला आर्ट डेकोच्या त्या गोलाकार बाल्कन्यांच्या इमारती, २०१८ मध्ये युनेस्कोने या दोन्हींना मिळून जागतिक वारसा म्हटलं ते उगीच नाही. माझा वाद इमारतींशी नाही, त्या कशा सांगितल्या जातात त्याच्याशी आहे.

आता राजाबाई टॉवरच घ्या. गाईड काय सांगतो, लंडनच्या बिग बेनसारखा आहे. बरं मग? यवतमाळ किंवा जळगावहून आलेल्या माणसाने बिग बेन कुठे बघितलाय. त्याला हे सांगा की बाबा, १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा त्यांना आठवण झाली ती आपल्या कापसाची. वऱ्हाड, खानदेश, गुजरात, जिथून मिळेल तिथून कापूस मुंबईच्या बंदरात यायला लागला आणि भाव असे चढले की शहरात पैशाचा पूर आला. त्याच वर्षांत गव्हर्नर बार्टल फ्रिअरने किल्ल्याची जुनी तटबंदी पाडायला घेतली, म्हणजे ज्याला आपण आज फोर्ट म्हणतो त्या फोर्टाच्या भिंती गेल्या आणि मोकळ्या झालेल्या जागेवर पुढे या सगळ्या मोठ्या इमारती उभ्या राहिल्या. मग १८६५ ला युद्ध संपलं, कापसाचे भाव धाडकन खाली आले, बँका बुडाल्या, मोठमोठे शेठ रस्त्यावर आले. त्यातलेच एक प्रेमचंद रायचंद, कापसाचे मोठे व्यापारी, त्यांनी युनिव्हर्सिटीला आधीच दिलेल्या देणगीतून हा २८० फुटी टॉवर उभा राहिला, १८७८ मध्ये पूर्ण झाला आणि त्याला नाव दिलं आईचं, राजाबाई.

कापसाचा भाव कोसळणं म्हणजे काय हे यवतमाळच्या शेतकऱ्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तो त्या टॉवरकडे बघून एकच विचारेल, भाव चढला तेव्हा शेतकऱ्याच्या हातात किती आला? आणि हाच प्रश्न खरा इतिहासाचा प्रश्न आहे, बिग बेनशी तुलना करून तो कधीच कोणाला पडणार नाही. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली ती काय माणसांची सोय म्हणून फक्त नाही, कापूस बंदरापर्यंत आणायचा होता. मग त्याच माणसाला हार्बर लाइनवर कॉटन ग्रीन स्टेशनचं नाव वाचायला लावा. सगळं एकमेकांत गुंफलेलं आहे, फक्त सांगणारा पाहिजे.

सीएसएमटीचंही तसंच. स्टीव्हन्स साहेबाने बांधलं, १८७८ ला काम सुरू होऊन दहा वर्षं चाललं, गॉथिक शैली, हे सगळं बरोबर आहे आणि सांगायलाच पाहिजे. पण दगडावरची ती माकडं, मोर, पानंफुलं जे जे स्कूलच्या विद्यार्थ्यांच्या हातची आहेत, हे बोट दाखवून सांगा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, ३४ किलोमीटर, आणि ज्या कंपनीची ती गाडी होती तिच्या संचालकांत मुरबाडला जन्मलेले नाना शंकरशेठ होते, हे मुरबाडच्या शाळेची सहल आली की त्या पोरांना तिथेच उभं करून सांगा. बघा डोळे कसे मोठे होतात. क्रॉफर्ड मार्केटला तर गावचा प्रत्येक पाहुणा जातो, कटलरी आणि सुकामेवा घ्यायला. १८६९ ची इमारत, आणि तिला आज नाव महात्मा फुल्यांचं. पण जोतीरावांना महात्मा ही पदवी लोकांनी दिली ती इथूनच जवळ, मांडवी कोळीवाड्यात, ११ मे १८८८ ला, हे तिथे पिशव्या भरून उभ्या असलेल्या किती जणांना माहिती असेल. चालत जाण्याइतकं अंतर आहे हो.

राणीच्या बागेचा अनुभव सांगतो, कारण लोकांना इतिहास नको असतो हे वाक्य मला सारखं ऐकायला मिळतं आणि ते मला मान्य नाही. पेंग्विन बघायला लाईन असते, लहान पोरं असतात, सगळं ठीक. बाहेर पडताना भाऊ दाजी लाड म्युझियमच्या आवारात एक दगडी हत्ती उभा आहे. त्याच्यासमोरून हजारो माणसं जातात. यावेळी मी भावाच्या कुटुंबाला तिथे थांबवलं आणि म्हटलं, हा हत्ती घारापुरीचा आहे. पोर्तुगीज आले तेव्हा त्यांना बेटावर हा दिसला म्हणून त्यांनी बेटाला एलिफंटा नाव ठेवलं. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले, मग ते तुकडे मुंबईतच राहिले आणि १९१४ मध्ये इथे आणून जोडले. बस, एवढंच सांगितलं, दोन मिनिटं. धाकटी पुतणी सहा वर्षांची, ती हत्तीच्या पोटावरचे सांधे शोधत चारी बाजूंनी फिरली. आणि आमच्या आजूबाजूला बघता बघता पंधरावीस अनोळखी माणसं ऐकत उभी राहिली, एक आजोबा म्हणाले परत सांगा, आमची मंडळी मागे होती. मी परत सांगितलं. आता सांगा, इतिहास कोणाला नकोय?

पण याचा सगळ्यात मोठा पुरावा दुसराच आहे आणि तो दरवर्षी आपल्या डोळ्यांसमोर असतो. ६ डिसेंबर. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आणि बाहेरूनही लाखो माणसं दादरला चैत्यभूमीवर येतात. एका माणसाच्या आठवणीसाठी, १९५६ साली तो गेला त्या दिवसाच्या आठवणीसाठी, पदरमोड करून, रात्रभर गाडीत उभं राहून. शिवाजी पार्कात मंडपात झोपतात, तासन्‌तास रांगेत उभे राहतात, आणि परत जाताना पुस्तकं घेऊन जातात. पुस्तकांचे स्टॉल बघा त्या तीन दिवसांत, माणसं दहादहा रुपये मोजून पुस्तिका घेतात, कोणी संविधानाची प्रत घेतं, एखादी बाई पाच पुस्तकांतून दोन निवडते कारण परतीच्या भाड्याला पैसे ठेवायचे असतात. एवढी माणसं निव्वळ इतिहासासाठी या शहरात वर्षातून दुसऱ्या कुठल्या दिवशी येतात? पण पर्यटनाच्या गप्पांमध्ये या माणसांना पर्यटक म्हणत नाहीत. वारसा बघायला आलेले पाहुणे म्हणत नाहीत. शहरात त्या दिवशी चर्चा असते ती ट्रॅफिक कुठून वळवलाय, गर्दी किती, कचरा किती. मला याचा मनापासून राग येतो.

काही वर्षांपूर्वी ५ डिसेंबरच्या संध्याकाळी परळला एका मावशींनी मला थांबवून बीआयटी चाळीचा रस्ता विचारला. नांदेडकडच्या होत्या, बरोबर सून आणि नातू. म्हणाल्या, बाबासाहेब राहायचे ती खोली बघायची आहे. मी परळचा, आणि मला नीट सांगता येईना, कारण चाळ माहीत होती पण नेमकी कुठली इमारत, कुठला मजला हे मी कधी विचारलंच नव्हतं. मग आम्ही सगळेच विचारत विचारत गेलो. वीसेक वर्षं बाबासाहेब तिथे राहिले, परदेशातलं शिक्षण घेऊन आले तरी तिथेच, कामगारांच्या चाळीत, आणि मग १९३० च्या दशकात दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधलं, ते पुस्तकांसाठी बांधलं म्हणतात इतकी पुस्तकं होती. मावशींना हे सगळं पाठ होतं. त्या नातवाला सांगत होत्या आणि मी ऐकत होतो. मला तेव्हा कळलं की मुंबईचा इतिहास मुंबईकरापेक्षा जास्त जपून ठेवणारी माणसं नांदेडला आहेत, आणि आपण त्यांना साधा एक नकाशा हातात देत नाही. परळची चाळ, राजगृह, फोर्टातलं सिद्धार्थ कॉलेज, चैत्यभूमी, बाबासाहेबांच्या स्मारकासाठी दिलेली इंदू मिलची जागा, एवढ्या ठिकाणांना जोडणारी एक बस ५ ते ७ डिसेंबर सोडा ना, साधी बेस्टची बस, दर वीस मिनिटांनी, आत बसून कोणीतरी मराठीत आणि हिंदीत सांगणारं. एवढं तर करता येईल.

गिरणगावाबद्दल लिहायला बसलं की हात थांबत नाही म्हणून आवरतं घेतो, तरी काही गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिली कापड गिरणी काढायला घेतली आणि पुढच्या शंभर वर्षांत या शहराचा दिवस गिरणीच्या भोंग्यावर चालायला लागला. कोकणातून, घाटावरून माणसं आली, एका खोलीत पंधरा पंधरा जण पाळीपाळीने झोपायची, दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच जागी पडायचा. खानावळी बायकांनी चालवल्या, त्यावर संसार उभे राहिले. आणि रविवारची सुट्टी! आपण ज्या रविवारी पोरांना घेऊन मुंबई बघायला निघतो तो सुट्टीचा रविवार कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे आणि गिरणी कामगारांनी भांडून घेतलेला आहे, १८८४ पासून त्यांनी मागणी लावून धरली आणि १८९० च्या जूनमध्ये ती मिळाली. मुंबई दर्शनच्या बसमध्ये पहिलं वाक्य हे असायला पाहिजे असं मला वाटतं. मंडळी, आज रविवार आहे, तुम्हाला सुट्टी आहे, ती का आहे ते ऐका.

फ्लोरा फाउंटनला, म्हणजे हुतात्मा चौकात, बस थांबते, १८६४ चं कारंजं, सुंदर आहे, फोटो काढा. त्याच्या शेजारी मशाल हातात घेतलेले शेतकरी आणि कामगार उभे आहेत, त्यांच्याबद्दल एक ओळ नाही, निदान आमच्या लोकांच्या बसमध्ये तरी नव्हती, वहिनीने मला विचारलं ते कोणाचे पुतळे होते म्हणून. २१ नोव्हेंबर १९५५ ला तिथे संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला, पंधरा माणसं गेली, आणि पुढे आंदोलनात जीव गेलेल्यांचा आकडा शंभराच्या वर गेला, तेव्हा कुठे १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. सगळ्या महाराष्ट्रातून येणाऱ्या पाहुण्याला ज्या चौकामुळे मुंबई त्याची राजधानी आहे तो चौक खिडकीतून दाखवून पुढे नेतात, हे बरोबर नाही, एवढंच म्हणतो.

आता जे आक्षेप आहेत ते मी टाळणार नाही. एक मित्र म्हणाला की बाहेरदेशचा टुरिस्ट पैसा आणतो, गावचा माणूस डबा घेऊन येतो, शहराने कोणासाठी खर्च करायचा? माझं उत्तर असं की परदेशी पाहुण्यासाठी जे चाललंय ते चालूच ठेवा, त्याला कोणी नाही म्हणत नाही. पण गावचा माणूसही खर्च करतो, तो वडापाव खातो, खेळणी घेतो, टॅक्सी करतो, बायकोला साडी घेतो, आणि तो दर दोन वर्षांनी परत येतो कारण त्याचं कोणीतरी इथे राहतं. आणि समजा नाही केला खर्च, तरी हे शहर त्याच्या बापजाद्यांच्या कष्टावर उभं आहे, त्याला ते दाखवणं हे उपकार नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त महत्त्वाचा आहे आणि त्यावर मी स्वतः बराच काळ अडखळलो. चाळी आणि कोळीवाडे ही माणसांची घरं आहेत, तिथे बसने माणसं नेऊन सोडली तर राहणाऱ्यांनी काय करायचं? गिरगावच्या खोताच्या वाडीत लाकडी जिन्यांची, रंगीत घरं आहेत, लोक दारात येऊन उभे राहतात आणि फोटो काढतात, न विचारता. दुपारी दार उघडं टाकून झोपलेल्या माणसाला ते आवडेल का? नाही आवडणार. घारापुरीचं उदाहरण तर अजून बोलकं आहे. १९८७ मध्ये तिथली लेणी जागतिक वारसा झाली, जगभरातून माणसं येऊन ती भव्य त्रिमूर्ती बघून गेली, आणि बेटावरच्या गावकऱ्यांच्या घरात समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज आली ती २०१८ ला. एकतीस वर्षं. पाहुणे दुपारच्या बोटीने परत जायचे आणि गाव अंधारात. म्हणून मी म्हणतो की कुठलीही वस्ती दाखवायची तर आधी तिथल्या लोकांना विचारा, वेळ त्यांनी ठरवावी, कुठली गल्ली दाखवायची कुठली नाही ते त्यांनी सांगावं, सांगणारा त्यांच्यातला असावा आणि पैसे त्यांच्या हातात पडावेत. वरळीच्या कोळणीने स्वतः किल्ल्यावर नेऊन समुद्र दाखवला, मासळीचं कालवण वाढलं आणि त्याचे पैसे घेतले, तर तो तिचा धंदा झाला. कोणीतरी बाहेरचा येऊन तिची वस्ती दाखवून पैसे कमावतो तेव्हा ती वस्तू होते. या दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे. आणि एखादी वाडी म्हणाली आम्हाला नकोत पाहुणे, तर विषय संपला, नाही म्हणजे नाही.

काही तरुण मुलंमुली आता मराठीतून वॉक करतात, बाणगंगा, गिरगाव, माहीम, कान्हेरी असं, मी दोनतीनदा गेलोय आणि फार छान सांगतात. कान्हेरीला तर मी त्यांच्यामुळे पहिल्यांदा पाण्याची टाकी बघितली, डोंगरावरचं पावसाचं पाणी दगडात कोरलेल्या पन्हळींतून टाक्यांत कसं उतरवलंय ते, दीडदोन हजार वर्षांपूर्वी, आणि आपण बोरिवलीत राहून टँकर मागवतो. नावांवरून शहर वाचायलाही त्यांनीच शिकवलं. पायधुनी म्हणजे जिथे खाडी ओलांडून आल्यावर पाय धुवायचे ती जागा, म्हणजे सात बेटं वेगळी होती याचा पुरावा रोज बसच्या पाटीवर लिहून येतोय. धोबी तलावात तलाव कुठाय, तर तो बुजवला. पण ही मुलं आपापल्या हिमतीवर करतात, वीसपंचवीस माणसं येतात आणि तीही बहुतेक मुंबईतलीच, शिकलेली, मोबाईलवर माहिती मिळालेली. एसटीने परळ डेपोला उतरणाऱ्या माणसापर्यंत ते कसं पोचणार? त्याच्यासाठी डेपोतच बोर्ड पाहिजे, चौकशीच्या खिडकीशेजारी, की उद्या सकाळी आठ वाजता इथून बस निघेल, इतके रुपये, मुलांना अर्धं तिकीट. हे महापालिका, बेस्ट, एसटी आणि पर्यटन खातं यांनी एकत्र बसून करायचं काम आहे, एखाद्या उत्साही मुलाने नाही. १९९५ मध्ये मुंबईत वारसा इमारतींसाठी नियमावली झाली, देशात असं करणारं हे पहिलं शहर, ग्रेड ठरले, समिती आली, त्याने बऱ्याच इमारती वाचल्या हे मान्यच आहे. पण इमारत वाचली आणि तिची गोष्ट सांगणारा गेला, तर मागे फक्त दगड उरतो.

आणि सांगणारे जात आहेत, म्हणून मला घाई वाटते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार गिरण्यांतून बाहेर पडले. त्यात जो पंचवीस वर्षांचा होता तो आज सत्तरीच्या घरात आहे. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेत वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करायचं घोंगडं किती वर्षं भिजत पडलंय, ते पुरं होईल तेव्हा होवो, मशीनला तेल घालून उभं करता येईल, पण त्या मशीनवर उभा राहिलेला माणूस तेव्हा कुठून आणणार? आज या माणसांना गाईड करा. त्यांना दिवसाचं मानधन द्या, आठवड्यातून दोनच दिवस, एकाच जागी खुर्ची टाकून बसवा हवं तर, माणसं त्यांच्यापाशी येतील.

पुतण्याच्या त्या प्रश्नानंतर मी हे घरातल्या घरात करून बघितलं. आमच्या चाळीत अण्णा आहेत, गिरणीच्या साचेखात्यात होते, म्हणजे मागांवर कापड विणतात तिथे, तीस वर्षं नाही भरली, मध्येच संप झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भावाच्या सगळ्या कुटुंबाला आणि अण्णांना घेऊन निघालो. पणजोबांची गिरणी होती तिथे आता काचेच्या इमारती आहेत, गेटवर वॉचमन आत सोडेना, तर अण्णांनी फुटपाथवरूनच दाखवायला सुरुवात केली. इथे गेट होतं, इथे बदलीवाले, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी लागणारे, सकाळी उभे राहायचे, कामगार भरणारा जॉबर ज्याच्याकडे बोट करील त्याला काम, बाकीचे परत घरी. तिकडे सूत कातायचं रिंगखातं, त्याच्या वरती साचे. मग त्यांनी हाताने दाखवलं की साचेखात्यात आवाज इतका असायचा की बोललेलं ऐकू येत नसे, मग माणसं ओठ बघून आणि खुणांनी बोलायची, तंबाखू आहे का याची एक खूण, मुकादम येतोय याची दुसरी, घरी पोरगं झालं याची तिसरी. पुतण्याने सगळ्या खुणा शिकून घेतल्या. वहिनीने विचारलं की तिचा सासरा लहानपणी बापाचा डबा घेऊन यायचा तो कुठल्या गेटवर, तर अण्णा तिला कोपऱ्यापर्यंत घेऊन गेले आणि म्हणाले इथे, या नळाच्या शेजारी, सगळ्या पोरांची रांग असायची. नळ अजून आहे. वहिनी तिथे जरा वेळ उभी राहिली, मग तिने नळाचा फोटो काढला, दोन दिवसांत पहिल्यांदाच तिने स्वतःहून फोटो काढला.

परत येताना अण्णा दमले होते, जिन्यात दोनदा थांबले. गावची मंडळी गेल्यावर दोन दिवसांनी मला गॅलरीत बघून म्हणाले, अजून कोणी येणार असेल बघायला तर सांग, फक्त सकाळी नऊच्या आत निघायचं, नंतर ऊन लागतं. मी आतापर्यंत तीन कुटुंबं नेली आहेत, एक सांगलीचं, एक आमच्याच बाजूच्या गावचं आणि एक बीडचं, ज्यांचं गिरणीत कधीच कोणी नव्हतं. पुढच्या रविवारी चौथं आहे. अण्णांनी माळ्यावरून आपला जुना धोटा, मागावर आडवं सूत नेणारा, काढून ठेवलाय, म्हणाले पोरांच्या हातात द्यायला बरा.